शीलाबाईंच्या नावाचा कागद

"बेचाळीसच लिहा हो. त्रेचाळीसला अजून दोन महिने आहेत," शीलाबाई खिडकीत तोंड घालून कुरकुरल्या. "मागच्या खेपेला तुम्ही त्रेचाळीस टाकलंत. तेवढं तरी खरं लिहा."

रतनने मुकाट्याने तिनाचे दोन केले. ज्या कागदावर नाव एकीचं आणि ताप भलतीच्याच अंगात, त्या कागदावर वय मात्र तंतोतंत हवं. शीलाबाईंच्या डोंबिवलीची सचोटी म्हणतात ती हीच असणार, असं तिच्या मनात आलं. मनात पुष्कळ काही येत असे. अकरा वर्षं ती नौपाड्यातल्या या बायकांच्या दवाखान्यात केसपेपर लिहीत होती, आणि मनातलं मनात ठेवायचं, या कामातलं तिच्याइतकं जुनं माणूस अख्ख्या ठाण्यात नव्हतं.

दवाखाना पहिल्या मजल्यावर, खाली चष्म्यांचं दुकान. डॉक्टर उत्तरा टिपणीस, हात हलका, बोलणं त्याहून मऊ. कुणाला दुखावणार नाहीत अशी त्यांची ख्याती होती, आणि ती त्यांनी औषधापेक्षा जास्त जपली होती. रतनला त्यांनी कामावर घेतलं तेव्हा एकच नियम सांगितलेला. "खिडकीत ऐकलेलं खिडकीतच." रतन चेंदणी कोळीवाड्यातली. तिची आई जनाबाई पाटी घेऊन बसायची तेव्हा कुणाच्या सुनेला काय झालं हे बाजारभर सांगून मगच पापलेट विकायची. अशा आईच्या पोटी जन्मून रतनने हा नियम अकरा वर्षं पाळला, याचं कौतुक व्हायला हवं होतं. पण ज्या गोष्टी आपण बोलत नाही त्यांचं कौतुक करायला माणसं येत नाहीत.

दवाखान्याचा दुसरा रिवाज कुणी सांगितला नव्हता, तो आपोआप पडला होता. बिनलग्नाच्या मुलीचा कागद तिच्या नावावर करायचा नाही. कागद म्हणजे पुरावा. उद्या कुणाच्या तरी मावससासूची जाऊ इथे तपासायला आली, तिच्या हाती चुकून फाइल पडली, तर ठरत आलेलं लग्न मोडायचं. म्हणून पंधरा ते वीस वयाच्या मुली या दवाखान्यात येतच नसत. त्यांच्या आया येत, काकू येत, लग्न झालेल्या बहिणी येत. त्या मुलीचं दुखणं पदराखाली घेऊन यायच्या, स्वतःचं म्हणून सांगायच्या आणि औषध घेऊन परत जायच्या. फायली चाळल्या तर वाटावं, ठाण्यापासून कल्याणपर्यंत सगळ्या तरुण मुली ठणठणीत आहेत आणि चाळिशीच्या बायकांनाच काहीतरी लागण झाली आहे.

एखादी मुलगी पाळीच्या त्रासासाठी खरोखर स्वतःच्या नावाने आलीच, तर त्यासाठी तिसरा रिवाज होता. छापील कागदावर वरती नाव, वय, विवाहित की अविवाहित. खाली अर्धं पान प्रश्नांचं. मुलं किती, संबंध केव्हापासून, काही त्रास, काही जळजळ. वर 'अविवाहित' लिहिलं की रतनने पट्टी घ्यायची आणि खालच्या अर्ध्या पानावर छान तिरपी रेघ मारायची. हे प्रश्न हिला लागू नाहीत. रेघ सरळ यायला हवी, डॉक्टरीणबाईंना वाकडी चालत नसे.

शीलाबाई गणपतीनंतर पहिल्यांदा आल्या. बाई देखण्या, भरलेल्या, नीटनेटक्या. डोंबिवलीतल्या एका महिला मंडळाच्या त्या चिटणीस, त्यामुळे तक्रारसुद्धा इतिवृत्त वाचल्यासारखी सांगत. ओटीपोटात दुखतं. संध्याकाळी बारीक ताप येतो. अंगावरून जातं. जेवण जात नाही. हे शेवटचं सांगताना त्यांच्या बोटाला बटाटेवड्याचं तेल होतं, आणि पिशवीत कागदात गुंडाळलेले आणखी दोन होते.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना आत घेतलं, तपासलं. काही सापडलं नाही. सापडणार कसं? जी वस्तू खाली दुकानात बसली आहे ती वर शोधून काय मिळणार? बाईंनी हात धुतले, म्हणाल्या, वय आहे, शीलाताई, या वयात होतं असं. आणि बाईपण सरत आलेल्या बाईला द्यायच्या त्या गोळ्या लिहून दिल्या. हाडांसाठी, रक्तासाठी आणि अंगात एकदम गरम होतं त्यासाठी. शीलाबाईंनी आभार मानले. अंगात गरम होतं असं त्या म्हणाल्या नव्हत्या, पण देताहेत तर घ्यावं.

रतनने त्या दिवशी जेवायच्या सुट्टीत खाली उतरून पाहिलं. चष्म्याच्या दुकानात काउंटरला टेकून एक पोरगी बसली होती. सतराची असेल. उन्हाचे दिवस, आणि अंगात लांब बाह्यांचा स्वेटर. दुकानदार तिला एकामागून एक फ्रेम देत होता. ती एक घालून आरशात बघे, काढून ठेवी, दुसरी घाली. बघत होती कुठल्याच फ्रेमकडे नाही. एक हात सबंध वेळ पोटावर, जणू तिथे कुणी तान्हं झोपलंय आणि ते जागं व्हायला नको. शीलाबाई वड्यांची पिशवी घेऊन जिना उतरल्या आणि म्हणाल्या, "चल वृषाली, झालं माझं."

झालं माझं. हे मात्र अगदी खरं होतं.

पुढे दर पंधरवड्याला शीलाबाई येत राहिल्या, आणि रतनला हळूहळू सगळा नकाशा कळला. बाई गप्पिष्ट, बाकावर शेजारी बसलेल्या कुणालाही लेकीचं सांगायच्या, फक्त आपण स्वतःसाठी आलो आहोत हे आधी बजावून. मुलगी बारावीला. डोकं दुखतं म्हणते, तर चष्मा केला. नंबर काही निघाला नाही, तरी केला, अभ्यासाचं वर्ष आहे. केस गळतात, तर माक्याचं तेल आणलं कल्याणहून. जेवत नाही, तर टॉनिक. झोपत नाही, तर पायाच्या तळव्याला काशाची वाटी. मधेच मिश्री लावायला लागली, कुठून शिकली देव जाणे, आमच्याकडे तर माझ्या सासूशिवाय कुणी लावत नाही, तर दातांच्या डॉक्टरकडे नेलं, त्यांनी हिरड्यांचं औषध दिलं. चिडचिड करते, दार लावून बसते, तर पत्रिका दाखवली.

रतनला वाटलं, काय नशीबवान पोरगी. डोळे एका डॉक्टरकडे, दात दुसऱ्याकडे, केस वैद्याकडे, ग्रह ज्योतिषाकडे. अख्ख्या ठाणे जिल्ह्यात तिला वाटून टाकलं होतं. जिथे दुखत होतं तेवढा भाग फक्त आई आपल्या अंगावर घेऊन फिरत होती.

आणि शीलाबाई अडाणी होत्या असं कुणी समजू नये. त्यांच्या मंडळातर्फे डिसेंबरच्या पहिल्या रविवारी डोंबिवलीच्या एका शाळेत 'किशोरी प्रबोधन' ठेवलं होतं, आणि व्याख्यात्या होत्या डॉक्टर उत्तरा टिपणीस. विषयाची जुळवाजुळव या भेटींतच चालायची. एकदा शीलाबाईंनी वर्तमानपत्राचं कात्रण आणलं. कुठल्याशा पाहणीबद्दल होतं. त्यात म्हटलं होतं की कोवळ्या वयात ज्या मुलींचा शरीरसंबंध येतो त्यांच्यात बाकीचीही दुखणी गोळा झालेली दिसतात. झोप उडते, खाणं सुटतं, तंबाखू येते, मन खचतं, जीव नकोसा होतो, आणि हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. एकाला धरून दुसरं येतं, म्हणून एकेक सुटं करून बघू नये. शीलाबाईंनी झोप, खाणं, तंबाखू, मन, सगळ्यांखाली लाल पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या. पहिलं वाक्य तेवढं कात्रीने कापलेलं. सभेत मोठ्याने वाचायचं म्हणून.

रतनने ते पूर्ण वाचलं होतं. तेच वर्तमानपत्र तिच्याकडे यायचं, कोलंबी बांधून.

डॉक्टरीणबाईंचं भाषणही तसंच होतं. त्यांच्याकडे जास्वंदीच्या फुलाचा एक मोठा रंगीत तक्ता होता. परागकण इथे, बीजकोश इथे, इथवर आल्या की त्या म्हणत, आणि निसर्गात सगळीकडे असंच असतं. मुली टाळ्या वाजवत. दहा वर्षांत त्या तक्त्यावरून कुणी प्रश्न विचारला नव्हता. जास्वंदीला कधी ताप आल्याचं कुणी ऐकलं होतं?

आतल्या खोलीत दोघींचं बोलणं चाले ते रतनला अर्ध्या भिंतीवरून ऐकू येई. शीलाबाई म्हणत, ताप अजून जात नाही हो माझा. बाई म्हणत, घरात कुणी काळजीचं आहे का. शीलाबाई म्हणत, छे, काळजी कसली. बाई म्हणत, नाही, सहज विचारलं. मग तक्ता कोण आणणार यावर बोलणं. दोघींना दोघींचं कळत होतं. एकमेकींना त्या इतकं छान समजून घेत होत्या, की मधल्यामधे पोरगी गेली असती तरी संभाषणात खंड पडला नसता.

हे वाक्य मनात आलं आणि रतनला रंगूबाई आठवली.

रंगूबाई शहाडची. वय एकोणचाळीस, हेही बरोबर लिहिलेलं. आदल्या वर्षी पावसाळ्यात तीन-चार वेळा आली. ओटीपोटात दुखतं, ताप येतो. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, काही सापडलं नाही, वय आहे म्हणाल्या. नंतर दोन महिने आली नाही. मग एका दुपारी आली, बाकावर बसली नाही, खिडकीशी उभी राहिली. म्हणाली, माझा कागद बंद करा बाई. रतनने विचारलं, बरं वाटतंय का. रंगूबाई म्हणाली, ज्याच्यासाठी येत होते ते राहिलं नाही. पोटात पू झाला होता म्हणाले मोठ्या इस्पितळात. फार उशीर केलात म्हणाले.

कागदाच्या शेवटी एक रकाना असे. 'बरी', 'सुधारणा', नाहीतर 'येणं बंद'. रतनने वळणदार अक्षरात लिहिलं, 'येणं बंद'. कागद फायलीत लावला. रंगूबाई, वय एकोणचाळीस, कागदोपत्री येणं बंद झालेली, चप्पल घालून जिना उतरून गेली. जी गेली तिचं नावसुद्धा दवाखान्याला माहीत नव्हतं.

रतनने त्या दिवशी घरी जाऊन काही खाल्लं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कामावर आली होती, रेघा सरळ मारल्या होत्या. नियम म्हणजे नियम.

नोव्हेंबर संपता संपता शीलाबाई वेळेआधीच आल्या, पंधरवडा पुरा व्हायच्या आत. पहिल्यांदाच त्यांच्या केसांची वेणी सुटलेली होती. मागच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या झोपेच्या गोळ्या संपल्या म्हणाल्या. रतनने फाइल बघितली. दहा गोळ्या, रोज एक, देऊन चार दिवस झाले होते.

"सांडल्या," शीलाबाई म्हणाल्या.

"कुठे?"

"मोरीत." मग उगाच वाढवून म्हणाल्या, "डबी उघडीच राहिली. दुपारी मी मंडळात होते." आणि मग खिडकीची कड नखाने खरवडत राहिल्या. हळूच म्हणाल्या, सगळं उलटून पडलं, बरं झालं.

म्हणजे गोळ्या मोरीने गिळल्या, आणि मोरीनेच उलटी केली. रतनने फाइल मिटली. तिला कळलं. शीलाबाईंना कळलं की तिला कळलं. बाकावर चार बायका होत्या, एकीच्या मांडीवर बाळ रडत होतं. शीलाबाईंनी पदर सारखा केला, आणि डॉक्टरीणबाई मोकळ्या आहेत का, रविवारचं शेवटचं बोलायचं होतं, असं म्हणून आत गेल्या.

अर्ध्या भिंतीवरून ऐकू आलं, तक्ता रिक्षातून आणला तर दुमडेल.

रतन उठली. अकरा वर्षांत दवाखाना चालू असताना तिने खिडकी सोडली नव्हती, एकदा कागदांची सुरळी पेटली होती तेव्हा सोडून. जिना उतरून खाली गेली. वृषाली आज फ्रेमा बघत नव्हती. दुकानदाराने दिलेल्या स्टुलावर, भिंतीला डोकं लावून, डोळे मिटून बसली होती. नाकावर तो बिननंबरी चष्मा. ओठ कोरडे. रतनने कपाळाला हात लावला आणि काढून घेतला, तव्याला लागल्यासारखा.

"चल गो पोरी वर," ती म्हणाली. अकरा वर्षं नौपाड्यात नीट बोलून बोलून लपवलेली भाषा एका दमात बाहेर आली.

वृषालीने डोळे उघडले. "आई वर आहे ना?"

"हाय. चल."

"मी नाही यायचं वर, मावशी. समोर आत्या राहते. दिसलं तर…"

"दिसू दे. आत्याला डोळे हायत, चष्म्याचं दुकानबी हाय."

पोरीला हसू आलं नाही, पण ती उठली. जिन्यात दोनदा थांबली. दुसऱ्यांदा थांबली तेव्हा कठड्याला धरून म्हणाली, मला घरी कुणी काही विचारतच नाही, मावशी. आई सारखी विचारते, जेवलीस का, जेवलीस का. आणि मी सांगायला तोंड उघडलं की तिला दूध उतू जाताना दिसतं. रतनने तिच्या काखेत हात घालून तिला वर नेलं. बाकावरच्या चार बायका बघत होत्या. बघू देत. त्यांतल्या दोघी स्वतःच्या नसलेल्या दुखण्याला आल्या होत्या, हे रतनला त्यांच्या फायलींवरून माहीत होतं.

तिने मुलीला भिंतीशी खुर्चीत बसवलं, खिडकीच्या आत, जिथे बाहेरचं कुणी बसत नसे. कोरा छापील कागद घेतला. नाव विचारलं, तिने सांगितलं. वय विचारलं, सतरा. विवाहित की अविवाहित हे विचारलं नाही, लिहिलं. मग सवयीने हात पट्टीकडे गेला. पट्टी कागदावर ठेवलीसुद्धा, कोपऱ्यातून कोपऱ्यात, तिरपी. पेन टेकवलं. आणि तिथेच धरून राहिली, जसं एखाद्याने ताटातला घास तोंडाजवळ नेऊन थांबावं.

पट्टी उचलून खणात टाकली.

आत शिरताना तिने दार वाजवलं नाही. डॉक्टरीणबाई जास्वंद उलगडून टेबलावर पसरून बसल्या होत्या आणि शीलाबाई तिचा एक कोपरा धरून. रतनने मुलीला आत घेतलं, दार लोटलं, आणि कागद फुलावर ठेवला, बरोबर मधोमध.

शीलाबाईंचा चेहरा आधी रागाचा झाला, मग तो राग कुठे ठेवायचा ते सुचेना म्हणून नुसताच पांढरा. त्या म्हणाल्या की वृषालीला सोबत म्हणून आणलं होतं, तिला बसवत नसेल खाली, पंखा नाही दुकानात. डॉक्टरीणबाईंनी मुलीकडे पाहिलं. बाई चांगल्या डॉक्टर होत्या. त्या चालण्याकडे, त्या ओठांकडे, पोटावरच्या हाताकडे त्यांनी जेवढ्या वेळात पाहिलं तेवढ्यात त्यांना गेल्या तीन महिन्यांतलं सगळं कळलं. कळलेलं पुन्हा डोळ्यांत झाकून ठेवायलाही त्यांना तेवढाच वेळ लागला.

"अशक्तपणा दिसतोय," त्या म्हणाल्या. मग कागदाकडे नजर गेली. "रतनबाई, रेघ मारायची राहिली."

"राहिली नाही, बाई. मारली नाही."

"अविवाहित आहे ती."

"तापाला ते ठाऊक नसावं."

डॉक्टरीणबाईंनी रतनकडे असं पाहिलं, जशी भिंतीतली खिडकी बोलली असावी. अकरा वर्षांचा नियम मोडला होता, आणि नोकरी राहील की नाही याचा अंदाज रतनने जिन्यातच बांधला होता. चेंदणीत बसायला जागा होती, आईची पाटी होती. ती हलली नाही.

"शहाडच्या रंगूबाईंचा कागद मीच बंद केला, बाई," ती म्हणाली. "हा नाही करायची."

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ टेबलावर पट्टी शोधली, आणि पट्टी नव्हती म्हणून खिशातलं पेन काढलं. टोपण उघडलं. सवय वाईट, हात आपोआप कागदाच्या डाव्या कोपऱ्याकडे गेला.

वृषाली चष्मा काढून हातात घेऊन बसली होती. काचा कशाला पुसत होती कोण जाणे, त्यांतून तिला तसंही वेगळं काही दिसत नव्हतं. ती आईकडे बघत नव्हती. शीलाबाई तिच्याकडे बघत होत्या, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदाच बटाटेवडा, मंडळ, मोरी यांतलं काहीच मधे नव्हतं. फक्त स्वेटरमधली पोरगी होती, खांद्याची हाडं वर आलेली.

शीलाबाईंनी फुलाचा कोपरा सोडला. तक्ता आपोआप गुंडाळत गेला आणि कागद घेऊन खाली पडायला आला. त्यांनी कागद धरला, टेबलावर सपाट केला, आणि त्यावर पंजा ठेवला, पेनच्या टोकाखाली.

"रेघ नका मारू," त्या म्हणाल्या. आवाज इतिवृत्ताचा नव्हता, कुठल्याच बैठकीत कुणी ऐकला नसेल असा होता. "हिचा एका मुलाशी संबंध आला. मे महिन्यात. मला गणपतीतच कळलं होतं. ताप हिला येतो, उत्तराताई. गोळ्या हिने खाल्ल्या. मला काहीसुद्धा झालेलं नाही."